ओरखड्यापाशी एक फुंकर

हे माझ्याच बाबतीत घडलंय. मित्राच्या मित्राच्या नाही. ऐकीव नाही. माझ्या.

आणि आधीच सांगून ठेवतो. खाली येऊन "मस्त रचलंय भाऊ" असं लिहिणार असाल, तर इथूनच मागे फिरा. मला कौतुक नको. माझी शाळा नववीत सुटली. जे काही लिहिता येतं ते रद्दीतली मासिकं वाचून आणि लिफ्टच्या तक्रारवहीत तीस वर्षं खरडून आलंय.

या पेजवरच्या गोष्टी रात्रीच्या असतात. वीज गेलेली असते, कुत्री रडत असतात.

माझी गोष्ट दुपारची आहे.

मंगळवार होता. तीन वाजून दहा मिनिटं. लख्ख ऊन. सहा मजल्यांची जुनी इमारत, तिसरा मजला, आणि मी लिफ्टच्या दारात हातात पाना घेऊन उभा.

भीती वाटायला अंधार लागतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

•

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आणि जुन्या रेकॉर्ड गोळा करतो.

मोठ्या नाही, छोट्या. सात इंची. एका बाजूला एकच गाणं, मध्ये हे एवढं मोठं भोक. पॉपची गाणी. तीन मिनिटांत नाचून मोकळं व्हायचं, असली. लोक घर रिकामं करतात तेव्हा माळ्यावरून निघतात. कामानिमित्त मी दहा इमारतींत फिरतो, सगळ्या वॉचमनना माहीत आहे... रेकॉर्ड निघाल्या की लिफ्टवाल्याला सांगा.

माझा एकच नियम आहे. आठवण सांगितल्याशिवाय मी रेकॉर्ड घेत नाही.

देणाऱ्याला विचारतो, हे गाणं कुणाचं? कधी वाजायचं? तो जे सांगेल ते चिठ्ठीवर लिहितो आणि चिठ्ठी रेकॉर्डच्या पाकिटात सरकवतो. एका न्हाव्यानं सांगितलेलं, "हे गाणं लागलं की समजायचं, बायको बॅग भरतेय." एका नर्सनं सांगितलं, तिचा एक पेशंट शुद्धीवर आला तो हेच गाणं गुणगुणत, आणि पुन्हा बेशुद्ध झाला. सातशेच्या वर चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे. सगळ्या दुसऱ्यांच्या.

माझी स्वतःची एकच आठवण होती. तिची रेकॉर्ड माझ्याकडे नव्हती.

दादा म्हणायचा, "लोकांचं भंगार आणतोस ते आणतोस, वर त्यांची रडगाणी पण लिहून आणतोस."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचं काम केलं त्यानं जन्मभर. समोर खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि फटाफट... हे इकडे, ते तिकडे. पत्ता वाचून झाला की गावाच्या नावाखाली निळ्या पेन्सिलीनं दोन रेघा मारायचा. निवृत्त झाला तरी सवय गेली नाही. घरात त्याचा तसाच एक खणांचा लाकडी रॅक आहे. एका खणात गोळ्या, एकात बटणं, एकात बिलं. वाणसामानाच्या यादीवर पण दोन रेघा.

आईवडील लवकर गेले. दादानं आम्हा दोघांना वाढवलं. मला आणि ताईला.

हे मी अजूनही नाकारत नाही. वाढवलं त्यानं. त्याचाच तर राग आहे.

•

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. रेकॉर्डच्या दुकानात काउंटरवर होती. ज्या रेकॉर्ड विकल्या जायच्या नाहीत त्या घरी आणायची.

मला ती 'भोंगा' म्हणायची. लहानपणी मी रडायला लागलो की कारखाना सुटल्यासारखं वाटायचं म्हणे.

मी शाळेतून तीनला यायचो. तिला दुकानातून तीन ते चार सुट्टी असायची. दादा सहाशिवाय यायचा नाही. मग तीन वाजून दहा मिनिटांनी आमचं गाणं लागायचं. नारिंगी रंगाच्या लेबलची रेकॉर्ड होती. लेबलवर मी बॉलपेननं लिहून ठेवलं होतं, 'भोंगा'. मालकी कळायला नको?

त्या रेकॉर्डवर एक ओरखडा होता. तोही माझाच. मी तिच्यावरून खेळण्यातला पत्र्याचा ट्रक चालवला होता.

दुसरं कडवं संपता संपता सुई तिथे यायची आणि अडकायची. तेच दोन शब्द. तेच दोन शब्द. तेच दोन शब्द. मग ताई दोन बोटांनी सुई उचलायची, तिच्यावर फुंकर मारायची... फू... आणि जरा पुढे ठेवायची. गाणं पुढे चालू.

रोज. न चुकता. आमच्या गाण्यात मधोमध एक फुंकर होती.

पुढे मला त्याच गाण्याची एक कोरी, स्वच्छ रेकॉर्ड मिळाली होती. एकदा लावली आणि देऊन टाकली. सलग वाजत होती. ते आमचं गाणं नव्हतं.

मी अकरा वर्षांचा असताना ताई गेली. हॉटेलात ड्रम वाजवणारा कुणीतरी होता, त्याच्याबरोबर. मी शाळेतून आलो तर घर गप्प. रेकॉर्ड नव्हती. ताई नव्हती.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं मला सांगितलं होतं, "भोंग्या, मी कुठेही गेले ना, तरी तुला न्यायला येईन."

मी वाट पाहिली. पत्र नाही, निरोप नाही. दादा रोज कामावरून आला की मी दारातच विचारायचो, "आलं?" तो चपला काढत म्हणायचा, "नाही रे."

पत्रांच्या भिंतीसमोर उभा राहणारा माणूस सांगतोय. कोण खोटं म्हणेल?

बेचाळीस वर्षं मी हेच धरून बसलो. तिनं रेकॉर्ड नेली आणि मला टाकलं.

•

आता त्या इमारतीचं.

आमच्या कंपनीला तिथलं काम चार वर्षांपूर्वी मिळालं. पहिली अडीच वर्षं लिफ्ट शहाण्यासारखी चालली. महिन्याला एकदा जायचो, तेल, दोर, दरवाजे बघायचो, सही करून निघायचो.

मग तक्रारी सुरू झाल्या.

लिफ्ट तळमजल्यावरून पाचव्यावर निघायची. तिसऱ्यावर कुणी बटण दाबलेलं नसायचं. तरी तिसऱ्यावर थांबायची. दार उघडायचं... कुणी नाही... दार बंद व्हायचं.

मी बटण बदललं. वायर बदलली. पॅनेल खोलून साफ केलं. पुन्हा तेच.

वॉचमन हसायचा. "साहेब, हिचं तिसऱ्या मजल्यावर काहीतरी आहे. लग्न लावून द्या."

तक्रारवही चाळली तेव्हा मी जरा थबकलो. प्रत्येक तक्रारीची वेळ लिहिलेली होती.

तीन दहा. तीन दहा. तीन बारा. तीन दहा.

तरी मला काही सुचलं नाही. यंत्राला भूत लागत नाही, यंत्राला गंज लागतो. तीस वर्षं हेच सांगत आलो होतो.

त्या मंगळवारी ठरवलं, आज आतच बसून बघायचं. तीनला आत शिरलो. वर गेलो, खाली आलो. वर गेलो, खाली आलो. घड्याळाकडे नजर.

तीन दहा.

लिफ्ट थांबली. तीनचा दिवा लागला. मी काहीही दाबलं नव्हतं.

दार उघडलं.

समोर रिकामा पॅसेज. उन्हाचा एक चौकोन. बंद दारं. मी पाना घेऊन उंबऱ्यावर उभा राहिलो. सगळं इतकं गप्प होतं की पंख्याचाही आवाज येईना... वर बघितलं तर लिफ्टचा पंखा बंद पडला होता...

आणि माझ्या उजव्या कानापाशी...

फू.

हलकी. गरम. जशी सुईवर मारतात तशी.

माझ्या हातातला पाना खाली पडला. तो आवाज सहा मजले ऐकू गेला असेल.

एक दार उघडलं.

•

तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या भाड्यानं देणारी मालकीण. सत्तरीच्या पुढची, चष्मा कपाळावर, जीभ धारदार. मला ती ओळखत होती, पण कधी सरळ बोलली नव्हती. चार वर्षांत पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"अहो लिफ्टवाले," ती म्हणाली, "पाडा अजून अवजारं. फरशी तुमच्या कंपनीची आहे का?"

मी म्हटलं, "आत्ता इथे कुणी होतं का?"

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाली, "ती लिफ्ट राहू द्या. आधी आत या आणि तुमचा खोका उचला."

"माझा कसला खोका?"

"या तर खरं."

पॅसेजच्या टोकाची खोली. एक कॉट, एक शिलाई मशीन, खिडकीत धाग्यांची रिळं रंगानुसार लावलेली. कॉटखाली एक पुठ्ठ्याचा खोका.

"इथे एक बाई राहायच्या," मालकीण सांगायला लागली. "नऊ वर्षं. कपडे अल्टर करून द्यायच्या. एकट्या. वारल्या त्याला दीड वर्ष झालं. सामान न्यायला कुणी आलं नाही, आणि या खोलीत भाडेकरू टिकत नाही. म्हणतात, दुपारी कुणीतरी फुंकर मारतं. खोका नेलात तर थांबेल कदाचित."

दीड वर्ष. लिफ्टच्या तक्रारी कधीपासून होत्या, ते मला वही न बघता पाठ होतं.

"तुम्ही रेकॉर्ड घेता ना? सगळ्या वॉचमनना सांगून ठेवलंय म्हणे. त्या बाईंकडे एकच होती. मी मुद्दाम दिली नाही तुम्हाला."

"का?"

"राग होता तुमच्यावर म्हणून!" ती ताडकन म्हणाली. "तुम्ही लिफ्टचं काम करायला आलात की ती बाई दाराला आतून कडी घालून बसायची. खाली जायचं असलं तर पाय दुखत असताना जिन्यानं जायची. मी विचारलं, कोण लागतात हे तुमच्या? म्हणाली, 'ओळखीचा आहे. भुवईवरच्या खुणेवरून ओळखलं. पण त्याला माझं तोंड बघायचं नाही.' मला वाटलं, काहीतरी जुनं लफडं असणार तुमचं. दगा दिला असेल तुम्ही. पुरुषाची जात."

माझ्या डाव्या भुवईत खूण आहे. त्याच पत्र्याच्या ट्रकवर पाय पडून आपटलो होतो. रक्त ताईनं पुसलं होतं.

मी खोका उघडला.

माझ्या हाताला सवय आहे. पाकीट काढताना तोंडातून आपोआप प्रश्न निघतो. आजवर सातशे वेळा निघालाय.

"हिची आठवण काय?"

"ती आतच आहे," मालकीण म्हणाली. "पाकिटात."

मी रेकॉर्ड बाहेर काढली.

नारिंगी लेबल.

बॉलपेनची शाई तपकिरी झाली होती. 'भोंगा'.

मी त्या कॉटवर बसलो. ताईच्या कॉटवर. अडीच वर्षं मी त्या दारापासून पंधरा पावलांवर स्क्रू आवळत होतो, आणि ती आत श्वास धरून बसली होती.

पाकिटात अजून काहीतरी होतं. जुना लिफाफा. वर पत्ता, मला माहीत नसलेल्या गावाचा. गावाच्या नावाखाली निळ्या पेन्सिलीच्या दोन रेघा.

आत वहीचा एक कागद.

वाचायच्या आधीच मला कळलं. अक्षर माझं होतं.

'ताई, तू गेलीस ते बरं झालं. परत येऊ नकोस. मला पत्र पाठवू नकोस. रस्त्यात दिसलीस तरी मी तुला ओळखणार नाही. मला तुझा आवाजसुद्धा ऐकायचा नाही. भोंगा.'

"तुम्हीच लिहिलंय ना?" मालकिणीनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार? हो.

•

आता हे नीट वाचा. मी स्वतःची सुटका करून घेत नाहीये.

ताई जाऊन तीनेक महिने झाले होते. मी जेवत नव्हतो. दादा माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "समज, उद्या तिचं पत्र आलं. काय उत्तर देशील? लिही. मनातलं सगळं ओकून टाक. मग आपण ते फाडून टाकू. मोकळं वाटेल तुला."

मी लिहिलं. रडत रडत लिहिलं.

त्यानं वाचलं. म्हणाला, "अक्षर बघ, कोंबडीचे पाय. नीट लिही परत."

मी परत लिहिलं. स्वच्छ अक्षरात.

मग त्यानं कागद माझ्यासमोर फाडला. टराटरा. तुकडे माझ्याच हातात दिले. मला खरंच मोकळं वाटलं. रात्री जेवलो.

त्यानं पहिला फाडला होता. दुसऱ्याचं मी विचारलंच नाही. अकरा वर्षांचं पोर. फाडलेलं बघितलं, विषय संपला.

•

घरी आलो तेव्हा दादा खणांत काहीतरी लावत होता. "लवकर आलास?" म्हणाला. मी सरळ माझ्या खोलीत गेलो, रेकॉर्ड लावली, आवाज मोठा केला.

माझ्या प्लेयरची सुई हातानंच उचलावी लागते. आपोआप उचलण्याची सोय त्यात नाही. मी तो तीन वेळा पूर्ण खोललाय. हे त्यांच्यासाठी, जे खाली येऊन मला यंत्र शिकवतील.

पहिलं कडवं. दुसरं कडवं. ओरखडा.

तेच दोन शब्द. तेच दोन शब्द. तेच दोन शब्द...

दादा दारात आला होता. हातात चहाचा कप. "अरे उचल की ती, डोकं..."

सुई उचलली गेली.

हवेत थांबली.

फू.

आणि जरा पुढे, अगदी जिथे ताई ठेवायची तिथे... हलकेच खाली बसली. गाणं पुढे चालू.

दादाचा चहा त्याच्या पायावर सांडत होता. त्याला कळत नव्हतं.

"तू... तू उचललीस?"

"माझे हात बघ," मी म्हटलं. दोन्ही हात खिशात होते.

मग मी लिफाफा त्याच्यासमोर धरला. त्यानं पत्ता वाचला. स्वतःच्या दोन रेघा बघितल्या. तो नाही म्हणाला नाही. एवढं मात्र मानतो मी.

"किती पत्रं आली होती तिची?"

"पाच."

"आणि मी रोज दारात विचारत होतो."

"पाचही पत्रांत एकच लिहिलं होतं," दादा म्हणाला. आवाज शांत, जसा काही हिशोब समजावतोय. "भोंग्याला न्यायला येते. भोंग्याला न्यायला येते. अरे, दादा कसा आहे, एका ओळीनं नाही विचारलं तिनं! तुम्ही दोघं गेला असतात तर मी काय करणार होतो? कुणाच्या तोंडाकडे बघायचं मी? तेवीस वर्षांचा होतो मी. माझं कुणी काही विचारलं?"

"म्हणून माझ्याच हातून लिहून घेतलंस?"

"तू लिहिलंस," तो म्हणाला. "मी फक्त पोचवलं."

मी त्याला मारलं नाही. मारायला हवं होतं, असं अजूनही रोज वाटतं.

•

त्या दिवसापासून त्या इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबलेली नाही. एकदाही नाही. मालकीण फोन करून म्हणाली, "अखेर दुरुस्त केलीत म्हणायची!"

मी काहीच केलं नव्हतं. ती आता तिथे नव्हती.

ती आमच्या घरी होती.

रोज दुपारी मी काम सोडून घरी यायचो. तीन दहाला रेकॉर्ड लावायचो. ओरखड्यापाशी सुई उचलली जायची. फुंकर. गाणं पुढे.

मला एकच गोष्ट करायची होती. तिला सांगायचं होतं, ते पत्र मी पाठवलं नव्हतं. एवढंच. एक वाक्य.

पण मी तोंड उघडलं, नुसतं "ताई" म्हटलं, की...

खोली रिकामी व्हायची.

कसं कळायचं ते सांगता येणार नाही. कुणी घाईघाईनं उठून गेल्यावर जशी हवा हलते, तशी हलायची. मी आलो की ती दाराला कडी घालायची ना? तसंच. मी पत्रात जे लिहिलं होतं ते ती अजून पाळत होती. आवाज नको म्हटलं होतं मी. म्हणून नुसती फुंकर.

मेल्यावरसुद्धा पाळत होती.

मग मला माझी चिठ्ठी आठवली.

सातशे लोकांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, ही पहिली माझी. लिहिलं... 'ताई, ते फाडायचं ठरलं होतं. मी तुझ्या पत्राची वाट बघत होतो. रोज. बोल माझ्याशी. भोंगा.' चिठ्ठी पाकिटात सरकवली आणि कामावर गेलो. मुद्दाम उशिरा आलो. तिला वाचायला वेळ मिळावा म्हणून.

पाकीट उघडलं.

चिठ्ठी नव्हती.

तुम्हाला सांगतो, मी त्या खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. बेचाळीस वर्षांत तसा हसलो नव्हतो. मिळाली! तिला मिळाली!

रात्री डोकेदुखीची गोळी शोधायला दादाच्या रॅकपाशी गेलो. वरची रांग, डावीकडून तिसरा खण.

माझी चिठ्ठी. नीट घडी घातलेली.

खाली निळ्या पेन्सिलीच्या दोन रेघा.

मी त्याला गदागदा हलवून उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "घर आवरताना सापडली. हरवू नये म्हणून ठेवली."

•

मी घर का सोडत नाही, असं तुम्ही विचाराल. कारण ती इथे येते. दुसरीकडे आली नाही तर?

गेल्या पंधरवड्यापासून मात्र माझ्याकडे येत नाही.

सुई ओरखड्यावर अडकते... आणि अडकलेलीच राहते. तेच दोन शब्द. मी वाट बघतो. कुणी उचलत नाही.

पहिल्यांदा असं झालं त्या दिवशी मी रेकॉर्ड बंद केली आणि गप्प बसून राहिलो. म्हणून ऐकू आलं.

भिंतीपलीकडे दादा बोलत होता.

हळू आवाजात. मध्ये थांबून. समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो ना, तसं थांबून. मग "हं" म्हणून. मग हसून.

दादाकडे फोन नाही. त्या वेळी घरात आम्ही दोघंच असतो.

मी त्याच्या दाराला कान लावला.

त्याच्या दोन वाक्यांच्या मध्ये काहीच ऐकू येत नव्हतं. पण ते नुसतं रिकामं नव्हतं... मी लिफ्टच्या खोल शाफ्टमध्ये तीस वर्षं कान लावलेत. रिकामं कसं ऐकू येतं, मला माहीत आहे.

मग दादा स्पष्ट म्हणाला, "तो ना? नाही गं. कामावर असतो तो यावेळी."

मी दार ढकललं. ओरडलो, "ताई, मी इथे आहे! ताई!"

दादा खुर्चीत बसलेला. समोर दुसरी खुर्ची. रिकामी, त्याच्याकडे तोंड करून ठेवलेली. हवा हलली. मला ती चांगली ओळखीची झाली होती.

"कुणावर ओरडतोयस?" दादा म्हणाला. "म्हातारा माणूस स्वतःशी बोलणार नाही तर कुणाशी बोलेल?"

आता मला सांगा. तो खरंच स्वतःशी बोलतो? मला जाळायला नाटक करतो? की ती खरंच येते, बसते, माझी चौकशी करते... आणि तो मला तिच्यापर्यंत पोचू देत नाही? बेचाळीस वर्षं खोटं बोललेल्या माणसाचं काय खरं मानायचं? मला अजूनही माहीत नाही.

त्या दिवसानंतर चार दिवस शांतता होती. मग पुन्हा सुरू झालं. आता दादा आतून कडी घालतो. मी दार ठोठावलं की आतला आवाज बंद होतो. मी निघून गेलो की सुरू होतो.

म्हणून मी आता ओरडत नाही. बोललो तर ती जाते. मी फक्त आमचं गाणं लावतो, घरातल्या सगळ्या भांड्यांना कापरं भरेल एवढ्या मोठ्यानं. हे गाणं ऐकून तिला कळेल, भोंगा घरात आहे. दुसऱ्या कुणाकडे ही रेकॉर्ड नाही. दुसऱ्या कुणाच्या गाण्यात तिथे ओरखडा नाही.

आजही लावलं. तीन दहाला.

सुई अडकली. मी उचलली नाही. तेच दोन शब्द, तेच दोन शब्द, तेच दोन शब्द... भिंतीला कान लावून उभा राहिलो.

पलीकडे दादा बोलता बोलता थांबला. कुणीतरी काहीतरी विचारल्यासारखा.

मग त्याचा शांत आवाज आला.

"ते होय? शेजारी वाजतंय गं. तो कुठला घरात!"